वारी चालते ती दिंडीने

माउलींच्या पालखीचं प्रस्थान जवळ आलं की आकड्यांच्या बातम्या सुरू होतात. किती लाख वारकरी, किती टँकर, बंदोबस्ताला किती पोलीस. प्रशासनाला हे आकडे लागतातच. पण पुणे ते लोणंद या टप्प्यात एखाद्या दिंडीबरोबर चालून पाहा. जिला आपण गर्दी म्हणतो, तिच्यात प्रत्येकाची जागा ठरलेली असते.

पुणे-सासवड ही सगळ्यांत लांब चाल, तीस किलोमीटरच्या आसपास. ती बहुधा एकादशीलाच येते. अंगात उपास आणि समोर दिवे घाट. रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. दिंडीत पुढे पताकावाले, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मृदंग, वीणेकरी आणि मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या माउल्या. चढावर छाती भरून येते, तरी पावलं टाळावर पडत राहतात. एकटा माणूस जिथे दगडावर टेकला असता, तिथून दिंडीतला वारकरी पुढे निघून जातो.

ही घडी बसवली हैबतबाबा आरफळकरांनी. शिंद्यांच्या पदरी सरदारकी केलेला हा माणूस. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी माउलींच्या पालखीला आजचं सोहळ्याचं रूप दिलं. रथापुढच्या २७ दिंड्या, प्रत्येकीचा क्रमांक, अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व हे सारं आजही तसंच आहे.

या व्यवस्थेचा कळस पाहायचा तर संध्याकाळी पालखीतळावर समाजआरतीला उभं राहावं. दिंड्या पालखीभोवती गोलाकार उभ्या असतात आणि टाळांचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार चोप उंचावतात, ‘हो’ अशी आरोळी देतात आणि हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्याकडे जातात, गाऱ्हाणं ऐकतात, निवाडा होतो. मग हरवल्या-सापडल्याची यादी, उद्या निघण्याची वेळ आणि शेवटी आरती. तक्रार सगळ्यांसमोर मांडायची आणि त्याच रात्री मिटवायची, ही रीत आपल्या किती कार्यालयांत आहे?

म्हणूनच पालखी मार्गाच्या रुंदीकरणाकडे दिंडीच्या नजरेने पाहायला हवं. २०२१ मध्ये भूमिपूजन झालेल्या या महामार्गाच्या आराखड्यात दोन्ही बाजूंना पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट आहे. वाहनांपासून जीव वाचेल, हे मोलाचंच. पण पदपथ एकट्यादुकट्याच्या हिशेबाने आखतात. दिंडीला रांगा धरून चालायला रुंदी लागते. रांग लांबत गेली तर पुढचा अभंग मागे ऐकू जात नाही, आणि अभंग तुटला की दिंडी विस्कटते. रुंदीकरणात जुनी झाडंही गेली. विसाव्याला टेकायचं ते सावलीत. तापल्या काँक्रीटशेजारी मंडप घालून वडाची उणीव भरून निघत नाही.

तेव्हा पुढच्या कामांचे नकाशे पक्के करण्याआधी अभियंत्यांनी चोपदार आणि वीणेकऱ्यांना बरोबर घेऊन हा टप्पा पायी चालावा. विसाव्यांच्या जागा त्यांच्याकडून ठरवून घ्याव्यात आणि तिथे याच पावसाळ्यात वड, लिंब, पिंपळ लावावेत. झाडाला सावली धरायला वर्षं लागतात. आज लावलं तर आजच्या तरुण टाळकऱ्याला उतारवयात तरी त्याखाली बसता येईल.