बुडालेलं गाव हातांनी सांगताना : बधिर कलावंत आणि अ‍ॅनिमेटेड माहितीपट

माहितीपट म्हटलं की आपल्याला कॅमेऱ्याने टिपलेलं वास्तव आठवतं आणि अ‍ॅनिमेशन म्हटलं की मुलांचं कार्टून. मग चितारलेला माहितीपट असतो का? असतो. १९१८ साली विन्सर मॅके याने ‘लुसिटानिया’ जहाज बुडाल्याची घटना चित्रं काढून पडद्यावर आणली, कारण ती कुणी चित्रित केलेलीच नव्हती. २००८ चा ‘वॉल्ट्झ विथ बशीर’ सैनिकांच्या आठवणींवर उभा आहे.

आता आपल्या उजनीचंच घ्या. भीमेवरचं धरण १९८० मध्ये पुरं झालं आणि जुनी गावठाणं पाण्याखाली गेली. पाणी उतरलं की पलीकडे इंदापूरच्या बाजूला पळसदेवचं जुनं देऊळ दिसतं, पण नांदतं गाव कुठला कॅमेरा दाखवणार? समजा, आपल्या केत्तूर-कुगावकडची साठी ओलांडलेली एक बधिर चित्रकार बाई आहे. बधिरांच्या शाळेत मैत्रिणींकडून तिने सांकेतिक भाषा उचललेली. ती जुनं गाव सांगताना आधी हवेत जागा ठरवते : डावीकडे नदी, समोर चावडी, उजवीकडे देऊळ. पुढे तिने उजवीकडे नुसतं बोट केलं तरी देऊळच समजायचं. बघणाऱ्याला हा अभिनय वाटतो, पण हे व्याकरण आहे, बरं का. अमेरिकेत विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्ये दाखवून दिलं की हाताचा आकार, त्याची जागा आणि हालचाल यांतून तिथल्या बधिरांच्या भाषेतले शब्द घडतात, आपले जसे ध्वनींतून घडतात तसे. भारतीय सांकेतिक भाषेत ‘कोण’, ‘कुठे’ सहसा वाक्याच्या शेवटी येतात, आणि ‘हो की नाही’ असं विचारायचं तर भुवया उंचावतात.

आपले नेहमीचे माहितीपट इथे काय करतात? भरदार आवाजात निवेदन, ‘अपंगत्वावर मात’, आणि डोळ्यांत पाणी दाखवायला चेहरा इतका जवळ घेतात की हात चौकटीबाहेर जातात. म्हणजे तिचं तोंडच दाबलं की! चितारलेल्या चित्रात ती चावडीची जागा ठरवते तिथेच रेषेने चावडी उभी करता येते, तिचं वाक्य न तोडता. मात्र चेहरा दोन ठिपके आणि एका रेघेवर भागवला तर भुवई जाते आणि भुवईबरोबर प्रश्नही जातो. म्हणून अशा कामाला मॅक्स फ्लायशरची रोटोस्कोपची जुनी रीत मला बरी वाटते. खऱ्या चित्रीकरणावरून एकेक चौकट गिरवायची. वेळखाऊ आहे, पण तिची भाषा शाबूत राहते.

माझा विषय तत्त्वज्ञान, म्हणून थोडं तिकडे वळतो. अन्नंभट्टाच्या ‘दीपिके’त चेष्टेचा, म्हणजे खुणेचा, विचार आहे. ती शब्द आणि अनुमान यांच्या द्वारेच काम करते, म्हणून ते वेगळं प्रमाण नव्हे, असं तो म्हणतो. सुट्या खुणेपुरतं ठीक आहे. पण ज्या खुणांना स्वतःचं व्याकरण आहे, त्यांच्यामागे बोललेला शब्द असायलाच हवा हे कशावरून? माझ्या मते ते शब्दप्रमाणच आहे, फक्त कानावाटे न येणारं. आवाजी निवेदन लादणारा दिग्दर्शक नकळत उलटी बाजू घेतो : बाईचे हात म्हणजे कच्चा माल आणि अर्थ आमच्या मराठीत.

अजून एक फरक ध्यानात ठेवा. सतीश गुजराल यांची श्रवणशक्ती लहानपणीच गेली होती. मुंबईच्या जे. जे. मध्येही ते शिकले, मोठे चित्रकार झाले. पण चित्रकार बधिर आहे एवढ्यावरून त्याचं चित्र बधिरांच्या संस्कृतीविषयी ठरत नाही. अमेरिकेतल्या काही बधिर कलावंतांनी १९८९ मध्ये एकत्र येऊन जाहीरनामाच काढला आणि बधिरपणाचा अनुभव मांडणाऱ्या कलेला ‘डेव्हिया’ असं वेगळं नाव दिलं. आपल्या बाईला कुठल्या रांगेत बसवायचं हे आधी तिला विचारा. तिला कदाचित फक्त धरणग्रस्त म्हणून बोलायचं असेल.

राहिला प्रश्न मराठी अक्षरांचा. ती खाली टाकावी लागतील, कारण आपल्याला तिची भाषा येत नाही. पण अक्षरं वाचायला गेलो की डोळे हातांवरून हलतात. म्हणून तिचं वाक्य संपल्यावर तेच चित्र थोडा वेळ तसंच ठेवायचं. आणि कच्चं संकलन झालं की आवाज बंद करून आधी बधिर मंडळींना दाखवायचं. त्यांना जिथे अर्थ लागला नाही, तो भाग पुन्हा गिरवायचा.