लाकडातील लोखंड आणि करवतीचे दाते

बांधावरील बाभूळ अथवा साग विकावयाचा ठरला म्हणजे शेतकरी खोडाचा घेर मोजतो, ते भरीव की पोकळ हे पाहतो. परंतु त्याच्या पोटात लोखंड आहे काय, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. तो उद्भवतो लाकडाच्या वखारीत, करवतीतून ठिणग्या उडाल्यावर. आणि मग दात्यांचे नुकसान कोणी सोसावे, यावरून तंटा सुरू होतो.

झाड खिळा गिळते कसे, हे आधी समजून घेतले पाहिजे. खोड सालीच्या लगत आतून जाड होते. दरसाल जुन्या लाकडावर नवे लाकूड चढते व खिळा जागच्या जागी झाकला जातो. त्रिज्या वर्षास ४ मिलिमीटर वाढली असे धरल्यास १५ वर्षांत त्याचे डोके ६० मिलिमीटर आत जाते. उंची मात्र बदलत नाही, कारण झाड उंच होते ते शेंड्याकडे. यामुळे कुंपणाची तार, पाटी, जनावरे बांधण्याची कडी यांचे लोखंड माणसाच्या हाताच्या टप्प्यात, म्हणजे बुंध्याच्या ओंडक्यात असते. आणि सर्वांत जाड व मोलाचा ओंडका नेमका तोच!

करवतीचे पोलाद खिळ्याहून कठीण, मग दाते का जावेत, अशी शंका कोणी घेईल. दात्याची धार लाकडाचे तंतू तोडण्यापुरती पातळ ठेवलेली असते. लोखंडावर ती मुरते, आणि एकाच बाजूचे दाते बोथट झाल्यास करवत रेघ सोडून चालू लागते. साधी हातकरवत तिकोनी कानशीने पुन्हा धारेस आणता येते. टोके काळसर दिसणाऱ्या, कठीण केलेल्या दात्यांवर कानस चालत नाही. विजेच्या चक्राकार करवतीची गोष्ट याहून गंभीर आहे. तिच्या टंग्स्टन कार्बाइडच्या दात्यांस काठिण्य फार, पण चिवटपणा थोडा. तुटलेला तुकडा कोणाच्या डोळ्यात जाईल याचा नेम नाही. आवाज बदलताच यंत्र बंद करावे, पाते पुरते थांबेपर्यंत लाकडास हात लावू नये व भुशात ठिणगी धुमसत नाही ना, हे पाहावे.

लोखंड ओळखण्याची खूण लाकूडच देते. बाभळीतील तुरट द्रव्याचा ओलाव्यात लोखंडाशी संयोग होऊन निळसर काळा डाग पडतो व तो उभ्या रेषांनी पसरतो. हिरडा व हिराकस यांची जुनी शाई याच गुणाने काळी होत असे. सालीवरील वेडावाकडा फुगवटाही संशयास्पद समजावा. वरवरचा खिळा लोहचुंबकाने कळतो. खोलातला किंवा पितळेचा कळत नाही, त्यास धातुशोधक यंत्र हवे.

मोडलेल्या घराच्या तुळया व वासे चिरण्यापूर्वी मोळे पकडीने उपटावेत. डोके तुटलेला मोळा निघत नसल्यास भोवती गिरमिटाने भोके पाडून पटाशीने काढावा. किंमत थोडी असेल तर तेवढा तुकडाच टाकावा, हे आम्हांस अधिक बरे वाटते. झाडाच्या बाबतीत, खिळा जेथे ठोकल्याचे घरातील वडीलधाऱ्यांस आठवत असेल तेथे गेरूचे कडे काढावे आणि वखारवाल्यास ते सौदा ठरण्यापूर्वी दाखवावे.