एका किलोमीटरची भानगड

मुंबईत गोवंडीच्या शिवाजीनगरमध्ये झेरॉक्सच्या दुकानासमोर बायकांची रांग लागली आणि प्रत्येकीच्या हातात प्लास्टिकची पिशवी दिसली, की समजायचं, आरटीईचे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातून खासगी शाळेत प्रवेशाचे, फॉर्म सुटले. पिशवीत मुलाचा जन्मदाखला, रेशनकार्ड, लाइटबिल, कुणाचा जातीचा दाखला. दुकानदार फॉर्म भरता भरता नकाशा उघडतो आणि म्हणतो, "घर दाखवा." गाडी इथेच अडते. इथल्या बैंगनवाडीचा पत्ता म्हणजे रोड नंबर आणि प्लॉट नंबर. वरून पाहिलं तर सगळे पत्रे एकसारखे. खूण दोन गल्ल्या पलीकडे पडली, की शाळेचं अंतर बदलतं. आधी एक किलोमीटरच्या आतली मुलं, मग तीन किलोमीटरपर्यंतची, असा क्रम असल्याने ही खूण महागात पडू शकते.

हक्क मात्र साधा आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. त्याच्या कलम 12(1)(ग) नुसार विनाअनुदानित खासगी शाळेने प्रवेशाच्या वर्गातल्या किमान 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांना द्यायच्या, आठवीपर्यंत फुकट. फीची भरपाई सरकार करतं. अल्पसंख्याक शाळांना 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने यातून सूट आहे. वंचित गटाला उत्पन्नाची अट नाही. दुर्बल घटकाला वर्षाला एक लाखाच्या आतला दाखला लागतो. दिवसाला 274 रुपये! मुंबईत बिगारीही याहून जास्त घेतो, म्हणून खरं बोलणाऱ्याचा फॉर्म बाद. या आकड्यासाठी कुणीतरी भांडायला हवं.

अंतरासाठी मात्र लोक भांडले. 9 फेब्रुवारी 2024 ला राज्य सरकारने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर तिथल्या खासगी शाळेला 25 टक्क्यांतून सूट. भरपाई थकते ही संस्थाचालकांची तक्रार जुनीच आणि खरीही. पण गोवंडीसारख्या दाट वस्तीत या नियमाचा अर्थ काय? पालिकेची शाळा इथून कुठे लांब असते? म्हणजे खासगी शाळा जवळपास सगळ्याच सुटल्या. ज्या पालिका शाळेत मूल फॉर्म न भरताही गेलं असतं, तिच्यासाठीच आता फॉर्म भरायचा!

अशा वेळी मोर्च्याइतकीच याचिका कामाला येते, कारण नियम हा कायद्याच्या पोटातला असतो. पोटाने डोक्यावर चढायचं नसतं. पालक आणि संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. त्यांचा मुद्दा नेमका हाच: संसदेने दिलेला हक्क राज्याला नियम करून काढता येत नाही. 6 मे ला स्थगिती मिळाली, फॉर्म नव्याने मागवावे लागले आणि 19 जुलैला न्यायालयाने बदल रद्द केला. पुढे ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही.

प्रवेशाची सोडत जूनमध्येच निघाली होती, पण निवड झालेल्या मुलांची यादी निकालासाठी अडून राहिली. ती लागली तेव्हा शाळा भरून महिना उलटला होता. मग पिशवी पुन्हा खुंटीवरून उतरली: अस्सल कागद, त्यांच्या झेरॉक्स आणि पडताळणीची नवी रांग.