घरच्या घरी ध्वनिमुद्रण : नवोदित गीतकाराने काय घ्यावे?

स्वतः गीत लिहून त्याला चाल लावणाऱ्या तरुणांपुढे एक अडचण हमखास उभी राहते. स्टुडिओचे भाडे तासांवर मोजले जाते व ते परवडत नाही. मग दुकानदार सांगेल ते साहित्य हप्त्यांवर घरी येते, पुष्कळदा धूळ खात पडते आणि हप्त्यांचा भार आईवडिलांवर पडतो. म्हणून कशाची गरज आहे व कशाची नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत.

महागड्या साहित्यानेच चांगले गीत मुद्रित होते असे नाही. अमेरिकन गायक-गीतकार ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी १९८२ च्या जानेवारीत न्यू जर्सीतील आपल्या राहत्या घरी, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर काही गीते मुद्रित केली. ती केवळ साथीदारांना ऐकविण्यासाठी होती; परंतु तीच मुद्रिते त्याच वर्षी ‘नेब्रास्का’ या नावाने प्रकाशित झाली. आजचा साधा संगणक त्या यंत्रापेक्षा कितीतरी अधिक ट्रॅक हाताळतो.

मायक्रोफोन : याचे मुख्य प्रकार दोन, डायनॅमिक आणि कंडेन्सर. कंडेन्सर बारीकसारीक ध्वनी टिपतो. परंतु त्याचबरोबर पंख्याची घरघर, कावळ्यांची कावकाव आणि रस्त्यावरचा हॉर्नही टिपतो. शिवाय त्यास सामान्यतः ४८ व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो. असा मायक्रोफोन थेट संगणकाच्या लहान छिद्रात जोडला तर आवाज क्षीण व खरखरीत येतो, आणि स्वस्त संच घेणाऱ्यांची निराशा बहुधा येथेच होते. डायनॅमिक मायक्रोफोन मुख्यतः जवळचा आवाज घेतो व दणकट असतो. १९६६ पासून बाजारात असलेला शुअर एसएम५८ हा याच जातीचा. चर्चमध्ये वा सभागृहात गायकाच्या हाती बहुधा असाच मायक्रोफोन असतो. गजबजलेल्या वस्तीत राहणाऱ्यांनी डायनॅमिकच घ्यावा, असे आमचे मत आहे. मात्र गाताना तो ओठांपासून चार बोटांवर असावा.

ऑडिओ इंटरफेस : मायक्रोफोनचा आवाज संगणकास समजेल अशा अंकांत रूपांतरित करणारी ही छोटी पेटी होय. दोन इनपुट असलेली पुरते, म्हणजे कंठ व गिटार एकाच वेळी वेगवेगळ्या ट्रॅकवर घेता येतात. स्वतःचा आवाज विलंबाशिवाय ऐकण्याची सोय तिच्यात आहे ना, हे पाहून घ्यावे. केवळ आवाजच मुद्रित करावयाचा असेल तर यूएसबी मायक्रोफोन घेऊन ही पेटी टाळता येते.

हेडफोन : कान पूर्ण झाकणारे, बंद पाठीचे व तारेचे घ्यावेत. उघड्या पाठीच्या हेडफोनमधून साथीचे संगीत बाहेर पडून मायक्रोफोनमध्ये शिरते, तर ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोहोचतो व ताल चुकतो.

सॉफ्टवेअर : यावर आरंभी एक रुपयाही खर्चू नये. ऑडॅसिटी विनामूल्य आहे. ॲपलच्या संगणकावर व आयफोनवर गॅरेजबँड विनामूल्य मिळते. मुद्रण २४ बिट व ४४.१ किलोहर्ट्झवर करावे. एका ट्रॅकला मिनिटाला सुमारे ८ एमबी जागा लागते. आवाजाची पातळी तांबड्या रेषेच्या बरीच खाली ठेवावी; फाटलेला आवाज पुढे सहसा पूर्ववत होत नाही.

खोली : उत्तम खोली म्हणजे कपड्यांनी व गाद्यांनी भरलेली खोली. रिकाम्या भिंती आवाज परतवितात, म्हणून गायकाच्या मागे जाड गोधडी टांगावी. भरतकामाच्या रिंगवर नायलॉनचा मोजा ताणून बसविला की ‘प’, ‘फ’, ‘भ’ उच्चारताना येणारा हवेचा झोत अडतो.

खरेदीचा क्रमही महत्त्वाचा आहे. प्रथम महिनाभर हाती असलेल्या मोबाईलवरच चाली मुद्रित कराव्यात. दहा गीते पूर्ण झाली तर हेडफोन घ्यावेत. त्यानंतर इंटरफेस, मायक्रोफोन, स्टँड व केबल घ्यावी. ओळखीच्या वादकाकडून मायक्रोफोन चार दिवस मागून आणता आला तर आपल्या आवाजास तो मानवतो की नाही, हे पैसे न घालविता कळेल. स्पीकर व मिक्सर यांची घाई नको.

शेवटी एक सूचना. प्रत्येक मुद्रिताची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी अवश्य जपून ठेवावी. बिघडलेले यंत्र पुन्हा विकत आणता येते. हरवलेली चाल तशीच पुन्हा सुचेल, याची हमी कोणी देऊ शकत नाही.