भाजीबाजाराचा कचरा व इंधनवायू

आम्हां रावपुऱ्यातील धान्यव्यापाऱ्यांस सयाजीराव महाराजांनी १९०६ साली उभारलेले खंडेराव मार्केट परके नाही. तेथील सडका पाला व नासकी फळे हे वस्तुतः इंधन होय. हवाबंद टाकीत सूक्ष्म जंतू त्यांपासून मिथेन वायू निर्माण करतात. उरते ते खत. हैदराबादेतील बोवेनपल्ली बाजारात दररोज सुमारे १० टन कचऱ्यापासून ५०० युनिट वीज मिळत असल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले. पुण्याचे डॉ. आनंद कर्वे यांनी तर पिष्टमय पदार्थांवर चालणारे लहान संयंत्र प्रचारात आणले; म्हणजे आमच्या वखारीतील भिजून नासलेले धान्यही कामी येईल. मात्र एकाच वेळी फार माल घातल्यास टाकी आंबते व वायू थांबतो. शिवाय प्लास्टिक व सुतळी दुकानातच वेगळी काढली पाहिजे. टाकीपाशी ते काम कोणासही साधत नाही.