जामिनाची रक्कम आणि एक प्रयोग

साध्या लंबकाचा प्रयोग तुम्ही केला असेल किंवा लवकरच कराल. दोऱ्याची लांबी बदलली की दोलनकाल बदलतो का, हे पाहताना गोळा तोच ठेवायचा, जागा तीच ठेवायची आणि फक्त लांबी बदलायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगाचा पहिला धडा. आता प्रश्न असा, की हा धडा न्यायालये, तुरुंग आणि कायदे करणारे लोकप्रतिनिधी यांच्याही उपयोगी पडेल का? माणसे म्हणजे काही पितळी गोळे नव्हेत, असे तुम्ही म्हणाल. ते खरेच आहे. तरीही १९६१ साली न्यूयॉर्क शहरात असा एक प्रयोग झाला. त्यानंतर पाच वर्षांच्या आत अमेरिकेचा एक कायदा बदलला आणि पुढे त्याचा धागा आपल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला.

जामीन कशासाठी?

पोलिसांनी पकडले म्हणजे माणूस गुन्हेगार ठरत नाही. न्यायालयात दोष सिद्ध होईपर्यंत तो केवळ आरोपी असतो. मग खटला संपेपर्यंत त्याला कोठे ठेवायचे? तुरुंगात ठेवावे, तर निर्दोष माणसालाही शिक्षा भोगावी लागते. मोकळे सोडावे, तर तो तारखेला हजरच झाला नाही तर काय, ही भीती. यावरचा जुना उपाय म्हणजे जामीन. पैसे अडकलेले असले म्हणजे ते बुडू नयेत म्हणून माणूस परत येईल, ही त्यामागची कल्पना.

त्या काळी अमेरिकेत न्यायाधीश जामिनाची रक्कम ठरवीत. ती भरण्याची ऐपत नसेल, तर जामिनाचा धंदाच करणाऱ्या माणसाकडे जावे लागे. तो मोबदला घेऊन हमी देई. खटल्यातून निर्दोष सुटले तरी तो मोबदला परत मिळत नसे. ज्याच्याजवळ तेवढेही पैसे नसत, तो तुरुंगातच राही. म्हणजे आत कोण राहणार आणि बाहेर कोण जाणार, हे पुष्कळदा खिशावरून ठरे.

१९६० साली लुई श्वाइट्झर या धनवान रासायनिक अभियंत्याने ब्रुकलिनमधील एका तुरुंगाला भेट दिली. केवळ जामिनाची रक्कम नाही म्हणून कित्येक तरुण खटल्याची वाट पाहत महिनोन् महिने आत पडलेले त्याला दिसले. गरिबांचे जामीन स्वतः भरून टाकणे त्याला सहज शक्य होते. पण तसे केल्याने मूळ प्रश्न तसाच राहिला असता. त्याने हर्बर्ट स्टर्झ या तिशीतल्या संपादकाला बरोबर घेतले आणि १९६१ मध्ये आपल्या आईच्या नावाने ‘व्हेरा’ ही संस्था काढली. त्यांनी विचारलेला प्रश्न अगदी साधा होता: माणसाला न्यायालयात परत आणतो तो पैसा, की त्याचे घरदार, कुटुंब आणि कामधंदा?

प्रयोगाची मांडणी

ऑक्टोबर १९६१ मध्ये मॅनहॅटनच्या फौजदारी न्यायालयात काम सुरू झाले. न्यूयॉर्क विद्यापीठातील कायद्याचे विद्यार्थी नुकत्याच पकडलेल्या आरोपींना भेटून काही प्रश्न विचारत. या शहरात किती दिवस राहता? घरी कोण कोण आहे? नोकरी कोठे करता? पूर्वी कधी शिक्षा झाली आहे का? मग फोन करून उत्तरांची शहानिशा होई. प्रत्येक उत्तराला गुण असत. शहरात राहण्याचा पत्ता आणि किमान ५ गुण असले, की तो आरोपी नुसत्या जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्या शब्दावर, सोडण्यास योग्य समजला जाई. खुनासारखे काही गंभीर गुन्हे प्रथमपासूनच वगळले होते.

खरी गंमत यापुढे आहे. योग्य ठरलेल्या आरोपींचे दैवगतीने, म्हणजे नाणे उडवून छापा-काटा पाहावा तसे, दोन गट पाडले. पहिल्या गटातील आरोपीला जामिनाशिवाय सोडावे, अशी शिफारस न्यायाधीशांकडे गेली. दुसऱ्या गटाची माहिती जमवली होती, गुणही मोजले होते. पण शिफारस मात्र पाठवली नाही. हा झाला तुलनेचा गट. चांगली माणसे एका गटात आणि वाईट दुसऱ्यात, असे कोणी निवडलेलेच नसल्यामुळे दोन्ही गट सरासरीने सारखे. फरक एकच: शिफारस. लंबकाच्या प्रयोगात दोऱ्याची जी जागा, तीच येथे शिफारशीची.

काय आढळले?

शिफारस गेलेल्या गटातील सुमारे ६० टक्के आरोपी जामिनाशिवाय सुटले. तुलनेच्या गटात हे प्रमाण सुमारे १५ टक्केच होते. म्हणजे न्यायाधीश मुळात कठोर होते असे नव्हे. खात्रीची माहिती समोर आली, तेव्हा त्यांनी तिचा उपयोग केला.

सुटलेले लोक परत आले का? पहिल्या तीन वर्षांच्या आत असे ३,५०५ आरोपी सुटले. त्यांपैकी तारखेला हजर झाले नाहीत ते ५६, म्हणजे १.६ टक्के. एक पैसाही अडकलेला नसताना १०० पैकी ९८ हून अधिक माणसे आपल्या पायांनी न्यायालयात आली!

यावरून ‘कोणालाही सोडा, सगळे परत येतात’ असा निष्कर्ष काढता येईल का? नाही. सुटलेले सर्व जण गुणांच्या चाळणीतून गेलेले होते. ज्यांची मुळे शहरात रुजली आहेत, ती माणसे पैशावाचूनही परत येतात, एवढेच हा आकडा सांगतो. प्रयोगाने जेवढे दाखवले तेवढेच म्हणायचे, ही शिस्त लंबकाला लागू आहे तशी येथेही.

एक अवघड कोडे

तुरुंगात राहून खटला लढणाऱ्यांना शिक्षा अधिक होते, हे पूर्वीच लक्षात आले होते. १९५४ मध्ये कॅलेब फूट या कायद्याच्या प्राध्यापकाने फिलाडेल्फियातील पाहणीत तसे नोंदवले होते. पण यात कारण कोणते आणि परिणाम कोणता? तुरुंगात राहिल्यामुळे शिक्षा होते, की ज्यांच्याविरुद्ध पुरावा भक्कम, त्यांनाच न्यायाधीश मोठा जामीन लावतात?

न्यूयॉर्कच्या पहिल्या अहवालाप्रमाणे सुटकेवर असलेल्यांपैकी ६० टक्के आरोपी निर्दोष ठरले किंवा त्यांचे खटले काढून टाकले गेले. तुलनेच्या गटात हे प्रमाण २३ टक्के होते. फरक डोळ्यांत भरण्याजोगा आहे. तरी जरा थांबा. या तुलनेत एक फट आहे, ती तुम्हांला दिसते का? पहिल्या गटातले फक्त सुटलेले लोक मोजले आहेत, आणि शिफारस गेलेल्यांपैकी कोणाला सोडायचे हे न्यायाधीशांनी निवडले होते. तेव्हा नाणेफेकीने मिळवलेला सारखेपणा येथे थोडा बिघडतो.

ही फट बुजवण्याचा एक नामी मार्ग पुढील संशोधकांनी काढला. काही न्यायाधीश स्वभावतः सौम्य असतात, काही कडक. आरोपी कोणापुढे उभा राहील हे पाळीवर, म्हणजे जवळजवळ नाणेफेकीसारखेच, ठरते. फिलाडेल्फिया आणि मायामी येथील नोंदी याप्रमाणे तपासून डॉबी, गोल्डिन आणि यांग यांनी २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: खटल्यापूर्वी तुरुंगात ठेवल्यानेच दोषी ठरण्याची शक्यता वाढते, आणि त्याचे मुख्य कारण म्हणजे आत असलेले आरोपी गुन्हा कबूल करून मोकळे होतात. कबुली हा लवकर घरी जाण्याचा रस्ता असेल, तर ती सत्याची कसोटी कशी ठरावी?

प्रयोगशाळेतून कायद्याकडे

मॅनहॅटनचे आकडे १९६४ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या राष्ट्रीय परिषदेत मांडले गेले. सिनेटर सॅम अर्विन यांनी विधेयकाचा पुरस्कार केला. जून १९६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी जामीन सुधारणा कायद्यावर सही केली. तो संघराज्याच्या न्यायालयांपुरता होता. पण पैशाआधी माणसाची माहिती पाहावी, हे तत्त्व त्याने मान्य केले.

आपल्याकडे १९७८ मध्ये मध्य प्रदेशातील एका गरीब गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. त्याला १०,००० रुपयांचा जामीन सांगितला होता, आणि जामीनदार झालेला त्याचा भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडण्यास सांगितले. संशोधनाला अमेरिकेच्या कायदेमंडळाने कसा प्रतिसाद दिला, याची नोंद त्या निकालात आहे. १९७९ मध्ये बिहारमधील कच्च्या कैद्यांच्या प्रकरणात न्यायमूर्ती भगवती यांनी जातमुचलक्यासाठी काय पाहावे, याची यादी दिली: वास्तव्य, नोकरी, कौटुंबिक संबंध, पूर्वीचे गुन्हे. ही यादी तुम्हांला ओळखीची वाटेल!

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ आत काढला, तर काही अपवाद सोडून त्याची सुटका करण्याची तरतूद आहे. पण २०२२ च्या अखेरीस आपल्या तुरुंगांतील ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. दर चारांतील तिघांचा गुन्हा सिद्ध व्हायचा होता. यावरून हा प्रश्न किती मोठा आहे, हे ध्यानात येईल.

मग संशोधनाने कायदे करावेत का? नाही. किती माणसे परत येतील, हे संशोधन सांगते. दोन माणसे पळू नयेत म्हणून ९८ माणसांना कोंडावे का, हे मात्र लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधींनीच ठरवायचे. शिवाय जे मोजले त्याचेच उत्तर मिळते. मॅनहॅटनमध्ये माणूस परत येतो का, हे मोजले होते. बाहेर राहून तो कोणाला धोका पोहोचवील का, हा निराळा प्रश्न होता. १९८४ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा पुन्हा बदलला, तो या दुसऱ्या प्रश्नासाठी.

तुम्हीही करून पाहा

तुमच्या शाळेच्या ग्रंथालयात पुस्तक नेताना अनामत रक्कम घेतात का? तिच्यामुळेच पुस्तके वेळेवर परत येतात का? शिक्षकांच्या परवानगीने वर्गातील सर्वांच्या नावांच्या चिठ्ठ्या काढून दोन गट पाडा. एका गटाला अनामत, दुसऱ्याला नुसती सही. दोन महिने नोंद ठेवा. परत आलेली पुस्तके तर मोजाच. पण अनामत नव्हती म्हणून किती जणांनी पुस्तक नेलेच नाही, तेही मोजायला विसरू नका.