उपवासकाल, ख्रिस्ती
ईस्टर ह्या येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाच्या सणापूर्वी पाळण्यात येणारा ४० दिवसांचा उपवासाचा व प्रायश्चित्ताचा काल. इंग्रजीतील ‘लेंट’ ही संज्ञा वसंत ऋतू ह्या अर्थाच्या जुन्या शब्दावरून आली. ‘क्वाद्राजेसिमा’ ह्या लॅटिन नावाचा अर्थ ‘चाळिसावा’ असा असून पोर्तुगीज ‘क्वारेज्मा’ हा शब्द त्यापासूनच बनला. मराठी भाषक ख्रिस्ती लोकांत ह्यास ‘उपवासकाळ’ किंवा ‘प्रायश्चित्तकाळ’ म्हणतात.

बायबलमध्ये ४० ही संख्या कसोटीची व पूर्वतयारीची सूचक आहे. मोशे सीनाय पर्वतावर ४० दिवस राहिला. इस्राएल लोक ४० वर्षे रानात भटकले. येशूने बाप्तिस्म्यानंतर व जाहीर कार्यास आरंभ करण्यापूर्वी अरण्यात ४० दिवस उपवास केला आणि सैतानाने दाखविलेले मोह परतवून लावले. उपवासकालात भाविक ह्याच अरण्यवासात सहभागी होतो, अशी श्रद्धा आहे.

आरंभीच्या शतकांत ईस्टरपूर्वी थोडेच दिवस उपवास करीत. इ. स. ३२५ मधील नायसीया धर्मपरिषदेच्या नियमांत ४० दिवसांच्या कालाचा उल्लेख आढळतो. ईस्टरला बाप्तिस्मा घेणाऱ्या दीक्षार्थींची तयारी आणि गंभीर पापांबद्दल जाहीर प्रायश्चित्त करणाऱ्यांचे पुन्हा मंडळीत ग्रहण, ही त्याची दोन मूळ प्रयोजने होत. पुढे सर्वच भाविक ही साधना करू लागले. पाश्चात्त्य परंपरेत रविवार उपवासाचे मानीत नसल्याने सहा आठवड्यांचे ३६ दिवसच भरत. म्हणून आधीचे चार दिवस जोडण्यात आले व ‘राखेचा बुधवार’ हा आरंभदिन ठरला. ह्या दिवशी आदल्या वर्षीच्या झावळ्यांची राख कपाळी लावतात. मनुष्य मातीचा असून मातीसच मिळणार, ह्याचे ते स्मरण होय.

ह्या कालाचे मर्म देहदंडात नसून मनःपरिवर्तनात आहे. त्यासाठी नव्या करारात योजलेल्या ‘मेटानोइया’ ह्या ग्रीक शब्दाने केवळ केलेल्या पापाबद्दलची हळहळ नव्हे, तर जीवनाची दिशाच पालटून देवाकडे वळणे सूचित होते. मत्तयाच्या शुभवर्तमानात (अध्याय ६) दानधर्म, प्रार्थना व उपवास ह्यांचा एकत्र विचार केलेला असून ती लोकांना दाखविण्यासाठी करू नयेत, असे बजावले आहे. ही तीन अंगे परस्परावलंबी आहेत. उपवासाने मनुष्याला आपल्या वासनांचे व परावलंबित्वाचे भान येते. प्रार्थनेने ते भान देवाभिमुख होते आणि दानाने ते शेजाऱ्यापर्यंत पोहोचते. दुसऱ्या शतकातील ‘हर्मासचा मेंढपाळ’ ह्या ग्रंथात उपवासामुळे वाचलेल्या अन्नाची किंमत विधवा, अनाथ वा गरजू ह्यांना द्यावी, असे सांगितले आहे. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातही (अध्याय ५८) अन्यायाची बंधने तोडणे व भुकेल्याला अन्न देणे हाच देवाला मान्य असलेला उपवास ठरविला आहे. म्हणून स्वतःच्या ताटातून वगळलेला घास दुसऱ्याच्या ताटात न पडल्यास उपवास अपुराच राहतो.

मध्ययुगात नियम कडक झाले व त्यांतील सवलतीही वाढल्या. परिणामी बाह्याचाराला अधिक महत्त्व आले. संपूर्ण जीवनच पश्चात्तापाचे असावे, असे मार्टिन ल्यूथरने १५१७ मध्ये प्रतिपादिले. १५२२ मध्ये झुरिक येथे काही जणांनी उपवासकालात सॉसेज खाऊन नियमभंग केला, तेव्हा झ्विंग्लीने अन्नाच्या बाबतीत ख्रिस्ती माणसाला स्वातंत्र्य असल्याचे सांगून त्यांची बाजू घेतली. अनेक प्रॉटेस्टंट पंथांनी सक्तीचे उपवास सोडले. अँग्लिकन व ल्यूथरन परंपरांत मात्र हा काल टिकून राहिला.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये ह्या कालाच्या बाप्तिस्मा व प्रायश्चित्त ह्या दोन्ही अंगांवर पुन्हा भर दिला व प्रायश्चित्त आंतरिक आणि वैयक्तिक असावे, तसेच बाह्य व सामाजिकही असावे, असे म्हटले. रोमन कॅथलिक पंथात आता राखेचा बुधवार व गुड फ्रायडे हे दोनच दिवस सक्तीच्या उपवासाचे असून त्या दिवशी एकच पूर्ण जेवण घेतात. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स पंथात हा काल सोमवारी सुरू होतो. मांसाबरोबरच दूधदुभते व अंडीही वर्ज्य असतात आणि आदल्या रविवारी भाविक एकमेकांची क्षमा मागतात.

ह्या कालात उपासनेत जांभळी वस्त्रे वापरतात, ‘आलेलुया’ हा जयघोष वगळतात व क्रूसाच्या वाटेची १४ स्थानांची भक्ती करतात. गोव्यात गोवा वेल्हा येथे पाचव्या आठवड्याच्या सोमवारी संतांच्या मूर्तींची मिरवणूक निघते. ती फ्रान्सिस्कन तृतीय संघाच्या परंपरेतील आहे. अखेरच्या पवित्र सप्ताहात येशूच्या दुःखसहनाचे व मृत्यूचे स्मरण होते. ईस्टरच्या जागरणविधीत भाविक आपल्या बाप्तिस्म्याच्या वचनांचा पुनरुच्चार करतात. अशा रीतीने राखेपासून सुरू झालेली साधना नवजीवनाच्या स्वीकारात पूर्ण होते.